दिव्यांगांचा इतिहास दिव्यांगांना वाचता यावा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दिव्यांगांविषयीच्या जुन्या कागदपत्रांचा ऑनलाइन संग्रह उभारून तो सुगम करण्याबाबत व त्याच्या जबाबदार वापराबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

मी इतिहासाची अभ्यासक आहे आणि मला दिसत नाही. संगणकावरचा मजकूर स्क्रीन रीडर मला वाचून दाखवतो. गेल्या वर्षी अंधांच्या शिक्षणाविषयीचा एक जुना मराठी अहवाल एका संकेतस्थळावर असल्याचे कळले, म्हणून मी तो उत्सुकतेने संगणकावर उतरवून घेतला. पण पाने नुसती छायाचित्रे म्हणून साठवलेली असल्यामुळे स्क्रीन रीडरला त्यांत एकही अक्षर सापडले नाही. ओसीआर, म्हणजे छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याची प्रक्रिया, करून पाहिले, तर प्रत्येक पानावर तिरका छापलेला वॉटरमार्क मजकुराच्या ओळींत मिसळला. अखेर एका विद्यार्थिनीने चार संध्याकाळी बसून तो मला वाचून दाखवला. अंधांविषयीचा कागद अंधांनाच बंद होता, हे मला फार लागले.

आपल्या राज्यात या विषयाची कागदपत्रे थोडीथोडकी नाहीत. मुंबईत १८९० साली निराधार कुष्ठरुग्णांसाठी उभा राहिलेला आश्रम, म्हणजे आजचे वडाळ्याचे अॅक्वर्थ रुग्णालय. १९०० साली अॅना मिलार्ड यांनी सुरू केलेली, पुढे दादरची म्हणून ओळखली गेलेली अंध मुलींची शाळा. विदर्भात दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन येथे कुष्ठरुग्णांसाठी झालेले काम. अशा संस्थांचे अहवाल, प्रवेशनोंदी आणि सरकारशी झालेला पत्रव्यवहार एकत्र आणून ऑनलाइन उपलब्ध करावा, अशी माझी विनंती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती आहेत, आणि हा त्यांचा इतिहास आहे.

सुगमता, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वापरता येणे, ही आता मर्जीची बाब राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात मिळेल हे पाहण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

प्रत्यक्ष कामात मात्र साध्या गोष्टी अडतात. पानाच्या प्रतिमेसोबत युनिकोडमधील, म्हणजे कोणत्याही संगणकाला अक्षरे ओळखता येतील अशा प्रमाण संकेतातील, तपासलेला मजकूर हवा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या फायली पडद्यावर सुबक मराठी दिसतात, पण स्क्रीन रीडर त्यांतून निरर्थक अक्षरे उच्चारतो. त्या रूपांतरित कराव्या लागतील. हस्तलिखित मोडी कागदांसाठी जाणकार माणसेच बसवावी लागतील, आणि त्या कामाला वेळ व पैसा लागणार हे मी जाणते. छायाचित्रांना शब्दांत वर्णन, ध्वनिमुद्रणांना लिखित संहिता, चित्रफितींना उपशीर्षके (सबटायटल) व भारतीय सांकेतिक भाषा हवी. प्रवेशासाठी चित्रातील अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा तर मुळीच नको. आमच्यासाठी ते बाहेरून लावलेले कुलूप असते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. कुष्ठरुग्णांविषयीच्या १८९८ च्या कायद्याने निराधार रुग्णाला पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा दिली होती, आणि तो कायदा २०१६ साली रद्द झाला. अशा काळातील प्रवेशनोंदींत माणसाचे नाव, गाव, जात आणि आजाराचे वर्णन असू शकते, कधी जखमांची छायाचित्रेही. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते, आणि त्याच गावात, त्याच आडनावाने त्यांची नातवंडे आज राहत असतील. २०१९ पर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होऊ शकत होते, हे लक्षात घेतले तर असे एक नाव शोधयंत्रावर उघडे पडण्याचा अर्थ कळतो. म्हणून सूची, अहवाल आणि धोरणविषयक पत्रव्यवहार सर्वांना खुला असावा. रुग्णांच्या व विद्यार्थ्यांच्या नावानिशी नोंदी अभ्यासकाला कारण नमूद करून केलेल्या अर्जावर, ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात. शरीरांची छायाचित्रे जाहिरातीला किंवा देणग्यांच्या आवाहनाला वापरण्यास स्पष्ट मनाई असावी. कुटुंबाला नाव झाकण्याची मागणी करता यावी आणि, हेही तितकेच महत्त्वाचे, आपल्या आजीचे नाव अभिमानाने उघड ठेवण्याचीही. गोपनीयतेचे कारण पुढे करून सारा संग्रहच कुलूपबंद करणे हा उपाय नव्हे.

जुन्या कागदांत 'महारोगी', 'वेडा', 'मतिमंद' असे शब्द येतील. ते वाचताना आम्हाला आजही टोचतात, तरीही मूळ मजकुरात ते बदलू नयेत, कारण समाज आमच्याकडे कसा पाहत होता याचा तोच पुरावा आहे. सूचीत मात्र आजचे शब्द जोडावेत, म्हणजे दोन्ही शब्दांनी शोध लागेल. 'दिव्यांग' हा शब्दही आमच्यातल्या सर्वांना मान्य नाही, म्हणून 'अपंग' आणि 'विकलांग' या शब्दांनीही कागद सापडावा.

हे नियम ठरवणाऱ्या समितीत दिव्यांग अभ्यासक, कुष्ठमुक्त व्यक्ती आणि कर्णबधिर प्रतिनिधी पूर्ण सदस्य असावेत. संग्रह लोकार्पण करण्यापूर्वी एक अंध, एक अल्पदृष्टी, एक कर्णबधिर आणि केवळ कीबोर्डवर काम करणारी एक व्यक्ती यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे, प्रत्येकाला एकेक कागद शोधून वाचायला सांगावे, आणि ज्याला तो कोणाच्या मदतीविना वाचता येणार नाही त्याची अडचण दूर झाल्यावरच लोकार्पणाची तारीख ठरवावी. या चाचणीसाठी मी स्वतः कधीही यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक अंध अभ्यासक
पुणे