डब्यातल्या डब्यात ब्राऊन होणारी पावडर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आरोग्य पुरवणीत गुडघेदुखीसाठी प्रोटीन आणि ग्लुकोसामीन एकत्र असलेल्या टू-इन-वन पावडरचं भरभरून कौतुक छापलंत, पण हे दोन एका डब्यात ठेवायचे का हे कुणी विचारलंच नाही, म्हणून लिहितोय.

ग्लुकोसामीन ही अमिनो शुगर, म्हणजे ग्लुकोजच, फक्त दुसऱ्या कार्बनवर ओएचच्या जागी अमिनो ग्रुप (नायट्रोजनवाला गट). प्रोटीनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाचा अमिनो ग्रुप मोकळाच असतो, तो साखरेच्या अल्डिहाइडला (साखरेच्या रेणूच्या रिअ‍ॅक्शन करणाऱ्या टोकाला) जाऊन चिकटतो आणि मग पुढे एकातून एक होत ब्राऊन रंग येतो. हीच मेलार्ड रिअ‍ॅक्शन, फ्रान्सच्या मेलार्डने 1912 मधे सांगितलेली. लोकांना वाटतं याला गॅस पेटवावा लागतो, तसं काही नाही, तापवलं तर मिनिटांत होतं, नुसतं ठेवलं तर महिने लागतात एवढंच, आणि थोडी ओल मिळाली की वेग वाढतो. त्यात ग्लुकोसामीन ग्लुकोजपेक्षाही उतावळं.

आमच्याकडे कोथरूडला जुलैच्या दमट हवेत असाच एक उघडलेला डबा होता. क्रीम कलरची पावडर बदामी झाली, गुठळ्या धरल्या, वास खरपूस. दुकानदार म्हणतो, "काका, नॅचरल आहे ना, म्हणून कलर बदलतो." घ्या!

विषारी झाली असं मी म्हणत नाहीये, उगाच कुणी घाबरू नका. पण अडकलेलं लायसिन शरीराला मिळत नाही, आणि गहू-तांदळात ते आधीच कमी, त्यासाठीच तर दुधाच्या प्रोटीनला पैसे मोजायचे. गंमत म्हणजे लेबलवरचे प्रोटीनचे ग्रॅम तेवढेच राहतात, कारण ते सहसा नायट्रोजनवरून काढतात आणि नायट्रोजन कुठे जात नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर 2006 मधे अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमधे ग्लुकोसामीनचा सरसकट फायदा दिसला नव्हता, तेही पुरवणीत नाही. शिवाय बरंचसं ग्लुकोसामीन कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात (बुरशीपासूनही बनतं), तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्यांनी आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लेबल नीट वाचावं.

घ्यायचंच असेल तर दोन्ही वेगवेगळं घ्या. आणि पुढच्या वेळी असं काही छापण्याआधी कंपनीला एवढं विचारा, की डबा उघडल्यावर पावसाळ्यात तीन महिन्यांनी लायसिन किती उरतं, टेस्ट केलीय का?

एक रिटायर्ड केमिस्ट्री शिक्षक, कोथरूड, पुणे