कौलं चाळणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, नमस्कार.

फोनवर आभार मानले असते तर "असू दे ओ काकी" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांसमोर.

मे संपत आलेला, माकडांनी नाचून पडवीवरची कौलं फोडलेली, आणि आगाऊ पैसे घेऊन गेलेला माणूस फोन उचलेना. त्यात वळवाची एक सर येऊन गेली आणि माजघरात पातेली मांडायची वेळ आली. मृग तोंडावर. तुमचं दुसरीकडे काम चालू होतं, तरी रविवारी सकाळीच शिडी घेऊन हजर झालात.

मुलाचं म्हणणं, यंदा पत्रेच घालू. पत्र्याखाली पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात भट्टी होते, पण मुंबईत राहणाऱ्याला हे कोण सांगणार? तुम्ही वाद घातला नाहीत. चार कौलं उतरवून त्याच्यापुढे ठेवलीत. खाचांत आंब्याची पानं आणि माती गच्च बसलेली. पाण्याला वाट नाही, मग ते आतच उतरणार. निम्म्याहून जास्त कौलं झाडून परत चढली. दोन रिपा वाळवीने खाल्लेल्या, तेवढ्या बदलल्यात.

पण लिहायला बसले ती नातवंडांमुळे. दुसरा कोणी असता तर "पोरांना आधी आत घ्या" म्हणून ओरडला असता. तुम्ही दोघांना शिडीपासून लांब, फणसाखाली बसवलंत, हातात ब्रश दिलात आणि कौल कसं तपासायचं ते दाखवलंत. एका हातावर तोलून धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं. चीर गेली असेल, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो, आवाज बसका येतो. "ह्यां बद्द वाजता, ह्यां नको," तुम्ही म्हणालात, आणि तेव्हापासून घरातला माठ, तपेली, शेवटी आजोबांचं टक्कलसुद्धा तपासून झालं. निकाल सांगत नाही.

एका जुन्या कौलाच्या पाठीवर 'बासेल मिशन, १८६५' असा छाप निघाला. थोरली धावत आली, "आजी, आपलं घर १८६५ सालचं!" तो मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचा सन, घराचा नव्हे, हे तुम्ही वरूनच, काम न थांबवता समजावलंत. तिने ते कौल चढवू दिलं नाही. मुंबईच्या बॅगेत माझ्या लोणच्याच्या बरणीची जागा आता त्याने घेतली आहे.

दुपारी पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर एवढंच होतं, तेही तुम्ही पोरांबरोबर पडवीत बसून खाल्लंत. मजुरी ठरली तेवढीच घेतलीत, वर काचेच्या कौलाचे पैसे मागायला विसरलात. ते माझ्याकडे आहेत. तुमची छोटी हातोडीही इथेच राहिली आहे. धाकटा ती माझ्या हाती द्यायला तयार नाही, "मेस्त्रींनाच देणार" म्हणतो. पोरं शनिवारी परत जाणार. त्याआधी या, आणि दुपारचेच या.

तुमची,
वरच्या वाडीतली काकी