निघायच्या आधी टायर बदला

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा ऐकूनच घेत नाहीत, मधातच "ठेव आता, जेवून राह्यलो" म्हणतात, म्हणून गाडी घेऊन इकडं संभाजीनगरला निघायच्या आधी टायरचं काय करायचं, ते लिहून पाठवून राह्यली. पिंट्याला सांगा मोठ्यानं वाचून दाखव.

त्यानं पाठवलेले टायरचे फोटो पाह्यले. बाबा, तो पंक्चरवाला म्हणते न की उन्हाळ्यात हवा 26 पॉइंटवरच (पीएसआय) ठेवा, नाहीतर तापून फुटते, ते उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर चक्कराला दबते, उठते, दबते, उठते, अन् त्यानंच ते आतून तापते, त्यात मे महिन्यातलं आपल्याकडचं 45 डिग्री ऊन, खाली समृद्धीचा तापलेला रस्ता, मागं चार माणसांचं सामान. असंच टायर फुटते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे. गाडी पळाली की 4-5 पॉइंट वाढणार, हे कंपनीनं धरूनच तो दिलेला असते, म्हणून धामणगावच्या पंपावर गरम टायर मोजून "जास्त झाली" म्हणत हवा सोडू नका. सकाळी ऊन लागायच्या आधी मोजा, आपली गाडी अंगणात अर्धी उन्हात राहते, त्या बाजूचा आकडा उगाच चढलेला दिसंल. अन् सामान भरल्यावर मागच्या टायरचा आकडा वेगळा असते, तोही त्याच स्टिकरवर आहे.

आता घासण्याचं. पुढच्या दोन्ही टायरच्या दोन्ही कडा गेल्या आहेत अन् मधातली नक्षी शाबूत आहे, म्हणजे कमी हवेवर बरेच दिवस गाडी चालली (हवा जास्त असती तर मधातून घासलं असतं). पण डावीकडचं टायर आतल्या बाजूनं पार गुळगुळीत आहे, ते हवेचं काम नाही. ते अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत असणं) बिघडलं असंल, किंवा चाकाच्या जोडणीतला खालचा रबरी बुश नाहीतर बॉल जॉइंट गेला असंल, पांदणीतल्या गड्ड्यात आपटत जाते न गाडी. स्टेअरिंग पूर्ण वळवून पाहजा, आतली कड एरवी दिसतच नाही. आधी तो बुश पाहून घ्या अन् मगच अलाइनमेंट करा, नाहीतर नवं टायरही असंच जाईल. बाभूळगावात नसंल होत तर यवतमाळला जा.

नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, टायर घासून त्यांच्या बरोबरीला आलं की 1.6 मिलिमीटरच उरलं, मग कायद्यानंही ते बाद. आपलं डावं तर त्याच्याही पलीकडं गेलं.

अन् दुकानदार "चौडे टाका, गाडी भारी दिसते" म्हणून 185/65 आर 14 देऊन राह्यला, ते घेऊ नका. आपलं 165/80 आर 14 आहे. पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचे इंच. हिशेब केला तर त्याचं टायर आपल्यापेक्षा अडीचेक सेंटिमीटरनं लहान निघते, म्हणजे गाडी सव्वा सेंटिमीटर खाली बसंल अन् काटा 100 दाखवंल तेव्हा खरे 96 असतील. दिसण्यापायी पांदणीत गाडीचं पोट घासत न्यायचं का? तोच साइज मागा. दोनच नवे घेत असाल तर नवे मागं लावा अन् मागचे चांगले आहेत ते पुढं, पावसात मागची चाकं घसरली की गाडी सांभाळता येत नाही.

स्टेपनीला बाबा कोरी म्हणतात. तिच्या बाजूवर छापलेल्या नंबरच्या शेवटी 1417 आहे, म्हणजे 2017 च्या चौदाव्या आठवड्यातली. न वापरताही रबर कडक होतेच, फोटोत बाजूला भेगा दिसून राह्यल्या. तीपण बदला, पैसे पाठवते, त्यावर वाद नको.

आई, तू डाळीचा कट्टा, तिखट, कुरड्या सगळं एकाच खेपेला भरू नको. इकडं संभाजीनगरात डाळ मिळते. कुरड्या आण, कट्टा पिंट्या दिवाळीला घेऊन येईल.

अलाइनमेंटची पावती अन् चारही टायरचा फोटो पाठवा, मग निघायचा दिवस ठरवू.

तुमची,
बेबी