विजांच्या गडगडाटात कुत्र्याला गच्चीवर बांधून ठेवू नका

प्रति,
माननीय संपादक,

विषय : वळवाच्या दिवसांत पाळीव कुत्र्यांची घ्यावयाची काळजी

महोदय,

वळवाचा पाऊस कोसळून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गंगापूर रोड परिसरातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुत्रा हरवला आहे' अशा मजकुराची छायाचित्रे फिरू लागतात, हे मी गेली काही वर्षे पाहत आहे. उन्मळून पडलेली झाडे, रात्रभर गेलेली वीज, द्राक्षबागांचे आणि काढून ठेवलेल्या कांद्याचे नुकसान यांच्या बातम्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. त्याच रात्री साखळी तोडून पळालेल्या जनावरांविषयी मात्र कुठे काही लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

यात मी स्वतः चुकले आहे, हे आधी सांगते. चार वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही सगळे एका लग्नासाठी सिन्नरला गेलो होतो आणि आमच्या राजाला गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बांधून ठेवले होते. पाणी होते, खाणे होते, वर पत्र्याची शेडही होती, त्यामुळे आपण त्याची सगळी सोय केली आहे अशीच आमची समजूत होती. दुपारी चारनंतर आभाळ भरून आले, वारा सुटला आणि विजा कडाडू लागल्या. शेजारच्या वहिनींनी नंतर सांगितले की तो सुरुवातीला भुंकत होता, पुढे विव्हळू लागला आणि मग आवाजच बंद झाला. साखळीचा हूक वाकवून त्याने कठड्यावरून शेजारच्या पत्र्यावर उडी मारली होती. तिसऱ्या दिवशी तो मखमलाबादकडच्या एका द्राक्षबागेतील शेडमध्ये सापडला. पुढच्या पायाची दोन नखे मुळापासून निघालेली होती. गच्चीच्या लाकडी दाराच्या खालच्या फळीवर ओरखडे आणि रक्ताचे डाग होते. पळून जाण्याआधी कितीतरी वेळ तो घरात येण्यासाठी धडपडत होता, हे त्या दाराकडे पाहून आम्हाला कळले.

'राखणीचा कुत्रा आणि ढगांना घाबरतो?' असे तेव्हा अनेकांनी विचारले. अनोळखी माणसावर धावून जाणारे धीट कुत्रेही गडगडाटाने थरथर कापते, कारण ही भीती धिटाईच्या मोजमापात बसतच नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे, आणि आपल्या कानांना न जाणवणारे कितीतरी क्षीण आवाजही ते टिपते. शिवाय दिवाळीच्या फटाक्याची दिशा तरी कळते. गडगडाट मात्र चहूबाजूंनी येतो, जमीन आणि खिडक्यांची तावदाने हादरवतो आणि त्यापासून कुठे पळावे हे जनावराला उमगत नाही. एकदोन वादळे अशी काढल्यावर सोसाट्याचा वारा, दुपारीच दाटलेला अंधार, आपटणारी दारे, अचानक गेलेली वीज ही सारी त्याच्या लेखी संकटाची चाहूल ठरते. आपल्याला आभाळ नुसते भरून आल्यासारखे वाटत असताना ते धापा टाकू लागते, लाळ गाळते, घरभर येरझारा घालते, दिवाणाखाली किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात शिरते. शिकवलेले कुत्रेही अशा वेळी घरात लघवी करते. त्याबद्दल त्याला मारणे हा निव्वळ अन्याय आहे.

नाशिककरांनी यातील ऋतुचक्र नीट लक्षात घ्यावे, असे मला वाटते. आषाढ-श्रावणातली संततधार आमचा राजा निवांत झोपून काढतो, कारण त्या पावसात विजा फारशा नसतात. खरा त्रास एप्रिल-मेमधील वळवात आणि मृगाच्या सुरुवातीला होतो, आणि पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे हस्त-चित्राच्या परतीच्या पावसात. त्यातून सावरते न सावरते तोच दिवाळीचे फटाके सुरू होतात. म्हणूनच आवाजाची सवय लावण्याचे काम पौष-माघातच हाती घ्यायला हवे. गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावावे, त्याच वेळी कुत्र्याला आवडीचा खाऊ द्यावा, तो शांत राहिला तरच पुढच्या काही दिवसांत आवाज किंचित वाढवावा आणि तो अस्वस्थ दिसताच पुन्हा कमी करावा. यात आठवडे जातात आणि घाई केली तर भीती उलट वाढते. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जे निर्धास्तपणे ऐकते-पाहते, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. देवळाली कॅम्पकडे राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या कुत्रीने तोफखान्याच्या सरावाचे दुरून येणारे आवाज पिल्लू असल्यापासून ऐकले आहेत आणि त्या आवाजाने ती आज मानही वर करत नाही.

प्रत्यक्ष वादळाच्या वेळी करायचे ते साधे आहे. कुत्र्याला घरात घ्यावे, खिडक्या-दारे लावून पडदे ओढावेत, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवावा आणि त्याने स्वतः निवडलेल्या कोपऱ्यातून त्याला ओढून बाहेर काढू नये. वीज जाईल हे गृहीत धरून इन्व्हर्टरवरचा एक दिवा आधीच लावून ठेवावा, म्हणजे विजेचा लखलखाट तितका जाणवत नाही. फिरवून आणायचे ते आभाळ भरण्यापूर्वीच, आणि गळ्यातील पट्ट्यावर घरचा मोबाइल क्रमांक असलाच पाहिजे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर त्याचे लाड होतात आणि भीती वाढते, हा समज तर आपल्याकडे घरोघर आहे. माझ्या सासूबाईही मला तेच सांगत असत. बक्षीस दिल्याने शिकवलेली कृती वाढते, पण भीती ही कुत्र्याने ठरवून केलेली कृती नव्हे, त्यामुळे पाठीवर हात ठेवल्याने ती वाढत नाही. ते जवळ आले तर शांतपणे जवळ बसू द्यावे.

जे कुत्रे दारावर डोके आपटते, स्वतःला जखमा करून घेते किंवा वादळ ओसरल्यावरही तासन्‌तास खात नाही, त्याला मात्र पशुवैद्याकडे न्यायलाच हवे. आवाजाची भीती हा उपचार करण्याजोगा त्रास आहे. कुत्र्यांच्या याच भीतीसाठी गाल आणि हिरडीच्या मध्ये लावायच्या एका औषधी जेलला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली आहे. आपल्याकडेही पशुवैद्य तपासून योग्य ती औषधे देतात. परंतु घरातली माणसांची झोपेची वा वेदनाशामक गोळी अंदाजाने देणे जिवावर बेतू शकते. नुसती गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी कुत्रा निपचित पडतो, पण त्याची भीती आत तशीच राहते. आणि आयुष्यभर न घाबरलेला म्हातारा कुत्रा एकाएकी गडगडाटाने बिथरू लागला, तर त्याचे सांधे किंवा दुसरे काही दुखत नाही ना, हेही तपासून घ्यावे.

मळ्यावरच्या कुत्र्यांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यात राखणीचे कुत्रे बांधाकडेच्या आंब्याला किंवा बाभळीला लोखंडी साखळीने बांधलेले असते. एकट्या उंच झाडावर वीज पडण्याचा धोका किती असतो, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. बैल-गाई अशाच झाडाखाली दगावल्याचे त्याने पाहिलेले असते. म्हणूनच गोठ्यात जनावरे ओढून बांधताना कुत्र्यालाही सोडून आत घ्यावे, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार जनावराला अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. शहरात गच्चीवर, बंद गॅलरीत आणि पार्किंगमधल्या खांबाला दिवसचे दिवस कुत्री बांधणाऱ्यांनी हे कलम अवश्य वाचावे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या 'दामिनी' ॲपवर आपल्या आसपास पडणाऱ्या विजांची सूचना मिळते. ते मी मोबाइलवर घेतल्यापासून वादळापूर्वी राजाला घरात आणण्याइतका वेळ आम्हाला बहुतेक वेळा मिळतो. पण प्रत्येकाच्या हाती असे ॲप असेलच असे नाही. सकाळचे वर्तमानपत्र मात्र अजूनही घरोघर आणि मळ्यामळ्यांवर वाचले जाते. म्हणून आपणास विनंती आहे की नाशिक जिल्ह्यासाठी हवामान विभागाने मेघगर्जनेसह पावसाचा इशारा दिला असेल त्या दिवशी, त्या चौकटीतच 'पाळीव कुत्र्यांना दुपारनंतर घरात घ्यावे, गच्चीवर किंवा झाडाला बांधून ठेवू नये' एवढी एक ओळ छापावी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक