सायलीच्या लॅपटॉपसाठी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

लॅपटॉप चोरीला गेला तर आतल्या कागदांचं काय, असं परवा फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, "बाबा, लॅपटॉपला पासवर्ड आहे की!" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तेव्हा बोलता आलं नाही, पण ते वाक्य मनातून जाईना. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला, म्हणजे शिकाऊ कामाला, लागून तुला तीनच महिने झालेत आणि कितीतरी घरांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे खांद्याला लावून तू रोज स्वारगेटच्या गर्दीतून जातेस.

तो पासवर्ड माझ्या टेबलावर किती टिकतो ते सांगतो. बंद पडलेला लॅपटॉप आला की मी मागचे स्क्रू काढतो, आतली बोटभर लांबीची एसएसडी, म्हणजे सगळा डेटा ठेवणारी डिस्क, उचलतो, यूएसबीच्या केसमध्ये बसवतो आणि माझ्या कॉम्प्युटरला जोडतो. सगळं मिळून दहा मिनिटं. पासवर्ड विचारणारी त्या लॅपटॉपची विंडोज चालूच झालेली नसते, मग विचारणार कोण? एखाद्या फोल्डरला 'परवानगी नाही' असं येतं, तेही दोन क्लिकमध्ये सुटतं. लोकांच्या लग्नाचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, कोर्टाचे कागद असं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलंय. मी ते न उघडता कॉपी करून देतो. बसमध्ये बॅग उचलणारा असं करेल का?

एन्क्रिप्शन चालू असलेली डिस्क मात्र जोडली की समोर नुसती कुलपाची खूण येते. आत ओळखीची एक ओळही सापडत नाही, कारण प्रत्येक तुकडा डिस्कवर जातानाच किल्लीने बदलून लिहिलेला असतो. विंडोजमध्ये डिस्क अशी कुलूपबंद करण्याची जी सोय आहे तिचं नाव बिटलॉकर, आणि तिच्यात त्यासाठी एईएस वापरतात. दोन बेल्जियन संशोधकांनी बनवलेली आणि अमेरिकेच्या सरकारने २००१ साली प्रमाण मानलेली ही पद्धत आहे. तिची किल्ली निदान १२८ बिटची असते. एकेक करून किल्ल्या लावून बघायच्या म्हटल्या तर जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपूनही जन्म पुरायचा नाही.

आता ती किल्ली असते कुठे, हे नीट समजून घे. ती डिस्कवरच असते, पण बंद लिफाफ्यात. तो लिफाफा उघडण्याचं काम मदरबोर्डवरची टीपीएम नावाची चिप करते. लॅपटॉप सुरू होताना ती आधी बघते, की सुरुवातीचा सगळा प्रोग्राम होता तसाच आहे ना. तसा असला तरच ती किल्ली सोडते. डिस्क दुसऱ्या यंत्रात घातली की चिप नाही, म्हणून किल्लीही नाही. पण अख्खा लॅपटॉपच चोरीला गेला तर चिपही सोबतच जाते. म्हणून सुरुवातीलाच पिन विचारण्याची सोय असते. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर तुझ्या ऑफिसच्या माणसाकडून ती लावून घे. चिप फार वेळा चुकीचा पिन घेत नाही, त्यामुळे सहा-सात आकडे पुरतात.

आणखी एक. नुसतं झाकण लावून बॅगेत टाकत जाऊ नकोस. त्याने तो नुसता झोपतो, आणि झोपलेल्या लॅपटॉपच्या रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, किल्ली जागीच असते. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅम थंड करून त्यातून अशा किल्ल्या काढून दाखवल्या होत्या. ऑफिसातून निघताना शट डाउनच कर.

हे फक्त आपल्या पेठेतलं दुखणं आहे असंही नाही. २००६ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क चोरीला गेली. त्यात २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा, ओळख क्रमांक होते, तेही उघडे. चोरी झालेलं सामान पुढे सापडलं, तरी २००९ मध्ये सरकारने दोन कोटी डॉलर देऊन खटला मिटवला.

पण मला जास्त काळजी आहे ती किल्ली हरवण्याची. गेल्या वर्षी एक मास्तर आले होते. मदरबोर्ड जळलेला, मी दुसरा बसवला. सुरू केला तर निळा पडदा, त्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे चिपशिवाय डिस्क उघडणारी राखीव किल्ली, मागितलेली. नव्या बोर्डाची चिप ती डिस्क ओळखतच नव्हती. एन्क्रिप्शन चालू आहे हे मास्तरांना माहीतच नव्हतं, आणि ती की ज्या खात्यात जमा झालेली असणार, तो लॅपटॉप घेताना दुकानात उघडलेला ईमेल ते कधीच विसरले होते. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात होते. दोन संध्याकाळी बसलो आणि शेवटी हात टेकले. मास्तर काही बोलले नाहीत, लॅपटॉप पिशवीत घालून गेले.

म्हणून आज रात्री सेटिंग्जमध्ये जाऊन बिटलॉकर चालू आहे का बघ. बॅकअपच्या पेनड्राइव्हलाही लाव, नाहीतर लॅपटॉप कुलूपबंद आणि तोच डेटा शेजारच्या कप्प्यात उघडा. मग ते ४८ आकडे कागदावर स्वतःच्या हाताने लिही, पुन्हा एकदा ताडून बघ. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र तो कागद ठेवू नकोस. ऑफिसच्या लॅपटॉपची की ऑफिसच्याच ताब्यात दे; तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपचा कागद दिवाळीला येताना घेऊन ये. आईने दागिन्यांच्या डब्यात जागा करून ठेवली आहे.

तुझा,
बाबा