चिमणीच्या घरात साळुंकी

कोल्हापूर, २६ फेब्रुवारी

संत्या लेका,

तुझ्या पुण्याच्या सोसायटीत पक्ष्यांसाठी काहीतरी चालू करायचंय म्हणालास, आमच्या मंडळानं काय काय केलं ते लिही म्हणून मागं लागलायस. बस आता वाचत.

आधी आमचा पचका ऐक. गेल्या वर्षी २० मार्चला, चिमणी दिवस म्हणून, पोरांनी वर्गणी काढून चाळीस लाकडी घरटी केली, रंगीबेरंगी, पुढं बसायला काडी, वर हलगी, फोटो, सगळं गणपतीसारखं. आणि भोक पाडलं दोन इंची, का, तर माझ्या ड्रिलला तेवढंच कटर होतं! महिन्याभरात बऱ्याच घरांत साळुंक्यांनी संसार मांडला आणि चिमण्या आपल्या मीटरच्या पेटीमागंच. मग कळलं की चिमणीला सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर भोक पुरतं, त्यात साळुंकी शिरत नाही. आणि ती शोभेची काडी चिमणीला नकोच असते, उलट कावळ्याला तिच्यावर बसून पिल्लं ओढायला बरं. त्यातली काही घरं आम्ही पत्र्याच्या शेडखाली ठोकलेली, एप्रिलच्या उन्हात आत भट्टीच की.

दुसरं म्हणजे ज्वारी. गल्लीतल्या काकू रोज पसाभर टाकतात, चांगलंय, पण पिल्लांना लागतात अळ्या नि किडे, आणि आपण कुंपणाची मेंदी उपटून फरशी घातली, उरलेल्या झाडांवर फवारा मारला, मग त्या बिचाऱ्या अळ्या आणणार कुठून?

म्हणून यंदा ठरवलं, आधी नुसतं बघायचं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात ना, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, त्यात कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसतील तेवढे मोजायचे आणि ईबर्ड नावाच्या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे, फुकट. सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर आलो, वीस येणार म्हणालेले, आले सात, त्यातले दोन मिसळीसाठी. पाण्यात काळे पक्षी बघून पोरं ‘बदक बदक’ करायला लागली. तर रोज फिरायला येणारे एक नाना थांबले, एसटीत कंडक्टर होते, म्हणाले, “बदक न्हाई रं, वारकरी हाय त्यो, कपाळाचं पांढरं गंध बघ की!” झालं, त्या दिवसापासनं नाना आमचे गाईड. टुक टुक टुक असा भांड्यावर ठोकल्यासारखा आवाज करणारा तांबटही त्यांनीच पिंपळात दाखवला, हिरव्या पानांत हिरवा, मला पाच मिनिटं दिसेना. पोरांना फोनवरच्या पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपचं भारी वेड, पण ॲप म्हणालं म्हणून लिहायचं नाही, डोळ्यांनी बघितलं तरच, हा नियम मात्र कडक ठेव.

आणि हो, मे महिन्यात एक पोरगी बुटाच्या खोक्यात बुलबुलाचं पिल्लू घेऊन आली, शेपूट जेमतेम बोटभर, चोच वासून बसलेलं. कुणीतरी ड्रॉपरनं पाणी पाजायला निघालं, मी हात धरला, ते पाणी श्वासनळीत गेलं की संपलं. पंख फुटलेलं होतं, उडायला शिकताना पडतातच. माणसाचा हात लागला की आई टाकते ही निव्वळ थाप. जास्वंदीच्या आतल्या फांदीवर ठेवलं, मांजर हाकललं आणि लांब उभारलो. वीस मिनिटांनी आई चोचीत हिरवी अळी घेऊन आली. त्या पोरीनं माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. मला वाटतं चाळीस घरट्यांपेक्षा ती वीस मिनिटं भारी.

उन्हाळ्यासाठी कुंभाराकडनं उथळ परळ आणल्यात, बोटाच्या दोन पेरांएवढंच पाणी, आणि रोज घासायच्या हं, नाहीतर शेवाळ नि डास. पाळी लावलीय, निम्मे दांड्या मारतात, मग आई घासते नि मला शिव्या घालते.

यंदा २० मार्चला हलगी नाही. साळुंक्यांची घरं तशीच ठेवणार, बसल्यात तर बसू देत. रिकाम्यांच्या भोकांवर प्लायवूडच्या चकत्या ठोकायच्यात, सव्वा इंची भोकाच्या. तुझ्याकडं ते कटर असेल तर येत्या रविवारी घेऊनच ये, मिसळ माझ्याकडं.

तुझा,
बाळ्या