मॅडम, त्या भरलेल्या बाटलीबद्दल थँक्यू

मॅडम,

तुम्ही आमच्या पोरीच्या फुटबॉल कोच, पण तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "असू दे ओ" म्हणून ग्राउंडवरचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला पळता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचायलाच लागणार. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितेय, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

लोकांना वाटतं पोरीला फुटबॉल खेळायचंय म्हटल्यावर आमच्या घरात विरोध झाला असेल. अजिबात नाही, उलटंच. माझं माहेर पेठेतलं. केएसए लीगचा, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉल लीगचा, सीझन सुरू झाला की जेवायची वेळ मॅच बघून ठरायची, मामा पाटाकडील तालमीच्या टीमचा, काका दिलबहारच्या, दोघं शाहू स्टेडियमवरनं घरी आले की कोण गप्प आहे ते बघून आम्हाला रिझल्ट कळायचा. त्यामुळं आमची पोरगी पहिल्यांदा "आई मी ग्राउंडला जातो" म्हणाली तेव्हा मामानंच बूट आणून दिले. अडचण घरात नव्हतीच कधी. अडचण ग्राउंडवर होती आणि ती कुणाला दिसतच नव्हती.

पोरीला आधी जिथं घातलेलं तिथलं थोडं सांगते, नाव नको उगाच. तिथले सर माणूस म्हणून वाईट नव्हते, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये भांडणं लागतील. पण पोरी जरा मोठ्या झाल्या तसे सर स्वतःच बिचकायला लागले. वरनं आलेला बॉल छातीवर उतरवायचं ड्रिल आलं की मुलांना रांगेत उभं करायचे आणि मुलींना म्हणायचे तुम्ही बाजूला पासिंग करा. आणि मग मॅचमध्ये बॉल वरनं आला की पोरी तोंड फिरवणारच ना, की लगेच बाहेरनं ओरडायचे, "भितीस काय गं!" आता शिकवायचं नाही आणि वर भित्री म्हणायचं हा कुठला न्याय. त्यात हिच्या पोटरीत सारखा गोळा यायचा, प्रॅक्टिस संपता संपता डोकं धरून बसायची, दोनदा युरीन इन्फेक्शन झालं, डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडतंय, आणि आम्ही आपलं बाटली भरून देतोय, लिंबू सरबत देतोय, इलेक्ट्रॉल देतोय. सरांचं उत्तर ठरलेलं, "पोरींच्यात स्टॅमिना नसतो ताई, वय तसलं असतंय." मग एक दिवस मुलींची बॅचच बंद केली, परवडत नाही म्हणे. मी म्हटलं एखादी लेडीज कोच तरी बघा की. तर म्हणाले, "लेडीज कोच मिळतात कुठं!" जणू लेडीज कोच म्हणजे भर उन्हाळ्यात मागितलेलं सीताफळ.

आणि मग तुमच्याकडं आलो. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट आहे, तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. प्रॅक्टिस संपली, पोरी सॅक उचलून निघाल्या आणि तुम्ही हिची बाटली हातात घेऊन नुसती वरखाली केलीत. गच्च भरलेली. मी गेटपाशी गाडीवर होते, मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही ओरडला नाही, हिला कारणसुद्धा विचारलं नाही. म्हणालात, "टॉयलेट नाही म्हणून पीत नाहीस ना?" एवढंच. आणि पोरीनं जी मान खाली घातली, मॅडम, मला तिथं गाडीवर बसल्या बसल्या सगळं कळलं. तो गोळा, ते डोकं धरणं, ते इन्फेक्शन. मुलं काय, भिंतीमागं जातात. पोरी घरनं निघायच्या आधी तासभर पाणी बंद करतात, दोन अडीच तास उन्हात पळतात आणि बाटली होती तशी परत घेऊन जातात. घरी कुणाला पत्ता नाही, कारण हे सांगायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पुढचं तर मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ग्राउंडसमोरच्या त्या जुन्या घरात गेलात, तिथल्या आज्जींशी काय बोललात ते मला माहीत नाही, पण बाहेर आलात आणि पोरींना म्हणालात, "चला, मला जायचंय, कोण येतंय?" स्वतः पहिल्या गेलात. पायरीवर बसून बुटांच्या लेस सोडल्यात, बूट काढून बाजूला नीट जोडीनं ठेवलेत, चिखलाचे मोजे काढून बुटात कोंबलेत आणि पाय धुऊन आत. तुमच्यामागं एक पोरगी, मग दुसरी, मग रांगच लागली. पायरीवर बुटांच्या सगळ्या जोड्या तशाच ओळीत. तुम्हाला त्या वेळी खरंच जायचं होतं का नव्हतं ते देवाला माहीत, पण "मला जायचंय" हे चारचौघात मोठ्यानं म्हणणारी कोच पोरींनी पहिल्यांदा बघितली आणि त्यांची लाजच गेली. तेव्हापासून बाटली रिकामी येते. स्टॅमिना कुठनं आला म्हणून मामा विचारतोय, मी काय सांगू त्याला!

छातीवर बॉल घ्यायला पण तुम्हीच शिकवलंत. स्वतः मधे उभ्या राहिलात, गुडघे थोडे वाकवले, अंग मागं घेऊन बॉल अलगद पायाशी उतरवला आणि म्हणालात आता तुम्ही. कसलं लेक्चर नाही काय नाही. मागच्या मॅचला बॉल वरनं आला तेव्हा हिनं तोंड फिरवलं नाही, खांदे मागं घेतले, बॉल खाली घेतला आणि सरळ विंगला दिला. गोल बिल काय झाला नाही, हरलोच आम्ही, पण मी अशी ओरडले की शेजारची बाई दचकली.

आता मूळ मुद्दा, जो कुणी बोलत नाही. शाळेच्या स्पर्धांना मुलींची टीम बाहेर न्यायची म्हटलं की बरोबर एक बाई लागते, मग कोण जातं? कुठल्या तरी वर्गाच्या मराठीच्या नाहीतर चित्रकलेच्या मॅडम जातात, मॅनेजर म्हणून. बिचाऱ्या बॅगा सांभाळतात, फॉर्मवर सह्या करतात, त्यांना ऑफसाइड कशाशी खातात माहीत नसतं आणि त्यात त्यांची काय चूक. म्हणजे बाई पाहिजे, पण राखण करायला. शिकवायला पुरुष. आणि हे फक्त आपल्यातच आहे असंही नाही, टोकियो ऑलिम्पिकला जगभरातनं जे कोच आले होते त्यात बायका जेमतेम 13 टक्के होत्या. माझा भाऊ एमपीएससीचा अभ्यास करतोय, त्याला असलं सगळं तोंडपाठ. तो म्हणाला, कोचना मिळणारा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 ला सुरू झाला आणि पहिल्यांदा बाईला मिळाला तो 2002 मध्ये, ॲथलेटिक्सच्या रेणू कोहलींना. मधली सतरा वर्षं काय देशात एकही बाई शिकवत नव्हती? शिकवत असणार की, शाळाशाळांतनं, पण ते कोचिंग म्हणून धरतंय कोण.

आपल्या कोल्हापुरात तर बायका खेळत नाहीत असं म्हणायला तोंडच नाही कुणाला. नेमबाजीत तेजस्विनी सावंत 2010 ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं 2018 च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड आणलं, क्रिकेटमध्ये अनुजा पाटील इंडियाकडनं खेळली, वडणग्याची रेश्मा माने कुस्तीत. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला 2024 मध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले, पण त्याला घडवणाऱ्या कोच एक बाई आहेत, दीपाली देशपांडे, स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला खेळून आलेल्या, हे किती जणांच्या स्टेटसला होतं? बाई पुरुषाला ऑलिम्पिकच्या मेडलपर्यंत नेऊ शकते आणि आमच्या 14 वर्षांखालच्या पोरींना शिकवायला बाई मिळत नाही. कमाल आहे.

मिळणार कशी म्हणा. खेळणारी पोरगी स्पोर्ट्स कोट्यातनं पोलिसात नाहीतर रेल्वेत लागते, घरच्यांना हायसं वाटतं, तिचंही बरोबरच आहे, पगार लागतो. कोचिंगला मानधन, ते पण आज मिळालं तर मिळालं. एनआयएसचा, म्हणजे सरकारी क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा पूर्ण डिप्लोमा करायचा तर पतियाळासारख्या लांबच्या ठिकाणी जवळपास वर्षभर राहायला लागतं, लग्न झालेल्या, पदरात मूल असलेल्या बाईला कोण सोडणार वर्षभर? पुरुष गेला तर "शिकायला गेलाय", बाई गेली तर "पोराला टाकून गेली". प्रॅक्टिस पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे नेमकं स्वयंपाकाच्या वेळेला. ह्याच्यात टिकून राहिलेली बाई सापडली की आपण तिच्याकडनं कोच, डॉक्टर, आई, मॅनेजर सगळंच करून घेतो. तुमच्याकडनं पण तेच चाललंय, दिसतंय मला.

समोरच्या आज्जींना पण ह्यात धरा माझ्या वतीनं. एवढ्या पोरी रोज अंगणातनं ये-जा करतात, एकदा तरी तोंड वाकडं केलं असेल तर शपथ. उलट परवा त्यांनीच बादली भरून ठेवली होती. 2019 च्या महापुरात ह्याच गावानं अनोळखी माणसं घरात घेतली, अंथरुणं दिली, भाकऱ्या थापल्या, त्यामुळं माणुसकी काय आपल्याकडं आटलेली नाही. फक्त कुणीतरी जाऊन दार वाजवायला लागतं. आधीच्यांना तेवढं सुचलं नाही, आणि त्यांनी फी काय कमी घेतली नव्हती! पण एका घरच्या भरवशावर किती दिवस ढकलायचं, ग्राउंडवर मुलींसाठी कडी लागणारं आणि पाणी असणारं टॉयलेट पाहिजे, ह्याच्यासाठी आम्ही पालक अर्ज देतोय, नगरसेवकाच्या मागं पण आम्हीच लागणार, तुम्ही ह्यात पडू नका, तुम्ही शिकवा.

अजून एक. तुम्ही त्या दोन मोठ्या मुलींना बारक्यांची बॅच घ्यायला लावलीय ना, शिट्टी गळ्यात घालून, त्यातली एक काल हिला म्हणत होती मी कोचच होणार. तिच्या घरच्यांशी बोलायचं झालं तर मला बरोबर न्या, तिची आई माझ्या ओळखीची आहे, मी बसते तिच्यासमोर.

आणि रविवारी जेवायला यायचंच आहे, नाही म्हणायचं नाही. तांबडा-पांढरा करणार आहे. फक्त मटण खाता ना तेवढं कळवा, पोरीला विचारलं तर म्हणते "मॅडम काय खातात मला काय माहीत, आम्हाला तर नुसतं पाणी प्या पाणी प्या म्हणतात".